आवाज आपला, नावही आपलं

(सामुदायिक रेडिओवरील भाषण, छापताना किरकोळ फेरफार करून)

महाड आणि पोलादपूरच्या वाड्यावस्त्यांवर भाकऱ्या थापता थापता, भांडी घासता घासता रेडिओ ऐकणाऱ्या सगळ्या ताया, मावश्या, काकी आणि ओटीवर बसून ऐकणाऱ्या आज्या, सगळ्यांना माझा नमस्कार.

गटाच्या बैठकीत बचत गोळा झाली, कर्जाचे हप्ते वहीत चढले की थोड्या गप्पा होतात. हल्ली त्या गप्पांत एक विषय हमखास निघतो. कुणी विचारतं, "ताई, वारलेले गायक मोबाईलवर नवीन गाणं कसं काय म्हणतात?" कुणी म्हणतं, "मुलाचा आवाज काढून आईकडे पैसे मागतात म्हणे, असं होतं का?" दोन्ही प्रश्नांचं मूळ एकच आहे. म्हणून आज आपण आवाजाबद्दल बोलू. आवाज यंत्रात कसा जातो, यंत्र त्याचं काय करतं, आणि या सगळ्यात आवाज असलेल्या बाईचं नाव कुठे जातं, या तीन गोष्टी समजून घेऊ.

हवेची थरथर आणि भोंगा

आत्ता घशावर दोन बोटं ठेवा आणि "आ" म्हणा. बोटांना थरथर जाणवेल. ही थरथर हवेत पसरते, समोरच्याच्या कानाच्या पडद्यावर आदळते आणि त्याला आवाज ऐकू येतो. आवाज म्हणजे एवढंच, हवेची थरथर. ती थरथर पकडून ठेवायची आणि हवी तेव्हा परत सोडायची, हे ध्वनिमुद्रणाचं सगळं शास्त्र.

सुरुवातीला हे काम विजेशिवाय होत असे. गाणारी व्यक्ती मोठ्या भोंग्यात तोंड घालून गायची. भोंग्याच्या टोकाला पातळ पडदा, पडद्याला सुई. आवाजाने पडदा हलला की सुई मेणाच्या तबकडीवर नागमोडी रेघ कोरत जायची. त्या तबकडीवरून पुढे विक्रीच्या तबकड्या निघत.

आपल्या देशात 1902 साली कलकत्त्याला गौहर जान या मोठ्या गायिकेचं गाणं असं मुद्रित झालं. तबकडीला जेमतेम तीन मिनिटं मिळायची. तासभर रंगणारी चीज तिने तीन मिनिटांत बसवली आणि शेवटी इंग्रजीत स्वतःचं नाव सांगितलं, "मी गौहर जान." याचं कारण साधं होतं. तबकड्या तयार व्हायच्या जर्मनीतल्या हॅनोव्हर शहरात. तिथल्या कारागिरांना कोणती तबकडी कुणाची हे कळावं म्हणून गाण्याच्या शेवटी नाव घ्यायची पद्धत होती. ही पद्धत लक्षात ठेवा, पुढे आपल्याला ती कामाला येणार आहे.

1925 च्या सुमारास विजेचा मायक्रोफोन आला आणि गाण्याची तऱ्हाच बदलली. भोंग्यासाठी आवाज चढवावा लागे. मायक्रोफोनला अंगाई म्हणतो तसा हळू आवाजही ऐकू जातो. बाळाच्या कानाशी गुणगुणावं तसं गाणं लाखो लोकांच्या कानाशी पोचायला लागलं, ते या यंत्रामुळे.

पडद्यावर एकीचा चेहरा, दुसरीचा आवाज

1931 साली "आलम आरा" हा आपला पहिला बोलपट आला आणि 1932 साली प्रभातचा "अयोध्येचा राजा" हा पहिला मराठी बोलपट. त्यात तारामती झालेल्या दुर्गाबाई खोटे स्वतः गायल्या. तेव्हा जी दिसायची तीच गायची, कारण चित्र आणि आवाज एकाच वेळी घ्यावे लागत. काही वर्षांत दोन्ही वेगवेगळे घेऊन नंतर जुळवायची सोय झाली. त्यातून पार्श्वगायन आलं. चेहरा एकीचा, आवाज दुसरीचा.

1949 च्या "महल" चित्रपटातलं लता मंगेशकरांचं गाणं आजही रेडिओवर लागतं. आवाज दुरून जवळ येतोय असं त्यात वाटतं. तेव्हा असं करायचं बटण नव्हतं. मायक्रोफोन खोलीच्या मध्यभागी ठेवला आणि लताबाई कोपऱ्यातून गात गात त्याच्याकडे चालत आल्या, असं त्यांनीच पुढे सांगितलं आहे. गाणं गाजलं. पण तबकडीवर गायिकेचं नाव काय छापलं होतं? "कामिनी". ते चित्रपटातल्या पात्राचं नाव. लोक आकाशवाणीला पत्रं लिहून विचारायला लागले, ही गाणारी कोण? मग रेडिओवरून लताबाईंचं नाव सांगितलं गेलं.

बघा मैत्रिणींनो, तंत्र सुधारलं तसा आवाज जास्त लांब गेला, पण नाव मागे राहिलं. ज्या लताबाईंना पुढे भारतरत्न मिळालं, त्यांच्याही बाबतीत हे झालं. मग तुमच्या-माझ्यासारखीचं काय?

आवाजाचे आकडे

आता मोबाईलकडे येऊ. मोबाईलमध्ये तबकडी नाही, सुई नाही. मग आवाज राहतो कुठे? तो आकड्यांत राहतो.

पावसाळ्यात सावित्रीच्या पाण्याची पातळी दर तासाला मोजून लिहितात असं समजा. रात्री बारा वाजता इतकी, एक वाजता इतकी. सकाळी ते आकडे पाहून नदी कधी चढली, कधी उतरली, याची रेघ आपण घरबसल्या काढू शकतो. आवाजाचंही तसंच. हवेची थरथर मोजायची आणि आकडा लिहायचा. फरक एवढाच, की इथे तासाला एकदा मोजून भागत नाही. सीडीवरच्या गाण्यात एका सेकंदात 44,100 वेळा मोजणी होते. ते आकडे परत ओळीने वाचले की स्पीकरचा पडदा तसाच थरथरतो आणि गाणं ऐकू येतं.

एकदा आवाजाचे आकडे झाले की त्यांच्यावर हिशेब करता येतो. वहीतला आकडा खोडून दुसरा लिहिता येतो, तसा आवाजही बदलता येतो. याची दोन उदाहरणं सांगते.

पहिलं एमपीथ्री. जातं घरघरत असताना शेजारी बसलेलीच्या बांगड्यांची किणकिण ऐकू येत नाही. मोठा आवाज लहान आवाजाला झाकतो. जर्मनीतल्या शास्त्रज्ञांनी आपल्या कानाची ही सवय अभ्यासली आणि ठरवलं, की कानाला कळणारच नाहीत ते आकडे टाकून द्यायचे. गाण्याचं ओझं साधारण दहाव्या हिश्श्यावर आलं. म्हणून तर एवढ्याशा मेमरी कार्डात शेकडो गाणी मावतात. ही रीत तपासताना त्यांनी सुझॅन व्हेगा या गायिकेचं वाद्यांशिवाय गायलेलं गाणं पुन्हा पुन्हा वापरलं. नुसत्या बाईच्या आवाजात थोडी जरी खोट आली तरी कानाला लगेच कळते, म्हणून.

दुसरं उदाहरण ऑटोट्यूनचं. बेसूर गाणाऱ्याला सुरात आणणारं हे साधन 1997 साली आलं. ते तयार करणारे अँडी हिल्डब्रँड त्याआधी जमिनीखालचं तेल शोधायच्या कामात होते. जमिनीत आवाजाचे धक्के द्यायचे, परत आलेल्या लहरींवर गणित करायचं आणि खाली काय दडलंय ते ओळखायचं. तेच गणित त्यांनी गळ्याला लावलं. आज लग्नाच्या हळदीच्या गाण्यापासून मोठ्या चित्रपटापर्यंत बहुतेक ठिकाणी अशा साधनांचा हात फिरलेला असतो.

याचा अर्थ माणसांची गरज संपली असं नाही. "सैराट" 2016 साली आला. अजय-अतुल यांनी संगणकातले तयार आवाज वापरून भागवलं असतं. पण त्यांनी अमेरिकेत लॉस एंजेलिसला जाऊन खऱ्या वादकांचा मोठा ताफा बसवला आणि त्या गाण्यांसाठी वाजवून घेतला. ज्या गाण्यावर आपल्याकडे पोरं मिरवणुकीत बेभान नाचली, त्यामागे खऱ्या माणसांचे श्वास आणि हात आहेत.

यंत्राने नाव जपलं तेव्हा

यंत्र नेहमी नाव पुसतंच असं नाही. एक चांगलं उदाहरण आपल्या महाराष्ट्रातलंच आहे आणि ते आपल्यासारख्याच बायकांचं आहे.

पुण्याच्या हेमा रायरकर आणि गी पॉइटवँ या दोन अभ्यासकांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. पुढे बर्नार्ड बेल या संगीत आणि संगणक दोन्ही जाणणाऱ्या अभ्यासकाने त्यांच्यासोबत ध्वनिमुद्रणं केली. हजाराहून जास्त गावांतून लाखाहून अधिक ओव्या जमल्या. 2017 पासून "पारी" या ग्रामीण भारताच्या संग्रहाने त्या इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुल्या करायला सुरुवात केली.

गिरणी आली तसं जातं कोपऱ्यात गेलं. जात्याबरोबर ओव्याही गेल्या असत्या. माहेरची आठवण, सासरचा जाच, लेकीची माया, विठ्ठलाशी भांडण, हे सगळं बायकांनी ओवीतच मोकळं केलं होतं. आकड्यांच्या यंत्राने ते वाचवलं. आणि माझ्या मते सगळ्यात मोठी गोष्ट ही, की तिथे ओवीसोबत गाणाऱ्या बाईचं नाव आणि गावही दिलेलं असतं. जिचं नाव रेशनकार्डापलीकडे कुठे लिहिलं गेलं नसेल, तिचं नाव तिच्या आवाजाला जोडलेलं राहिलं.

यंत्र आवाज शिकतं कसा

आता बैठकीतला पहिला प्रश्न. वारलेला गायक नवीन गाणं कसं म्हणतो?

आतापर्यंतचं यंत्र आवाज साठवत होतं, फार तर बदलत होतं. कृत्रिम बुद्धिमत्तेचं, म्हणजे ज्याला सगळे एआय म्हणतात ते यंत्र आवाज शिकतं. गावातला नकला करणारा पोरगा आठवा. सरपंचांचं भाषण दोनदा ऐकलं की तो त्यांच्या आवाजात काहीही बोलून दाखवतो, सरपंच जे कधी बोलले नाहीत तेसुद्धा. यंत्र तेच करतं, पण त्याचा सराव प्रचंड असतो. त्याला आधी हजारो माणसांचं हजारो तासांचं बोलणं ऐकवतात. त्यातून ते शिकतं, की अक्षरामागून अक्षर येताना गळ्याची लहर कशी बदलते. एवढा पाया झाला की नव्या माणसाचा आवाज उचलायला त्याला थोडासाच नमुना पुरतो. 2023 च्या जानेवारीत मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी अवघ्या तीन सेकंदांच्या नमुन्यावरून इंग्रजी बोलणाऱ्याचा आवाज उभा करून दाखवला होता. तीन सेकंद म्हणजे "हॅलो, कोण बोलतंय, थांबा हं" एवढंच.

यंत्राला त्या शब्दांचा अर्थ कळत नाही. माया नाही, राग नाही. पुढचा आकडा कोणता असावा याचा ते अंदाज बांधत जातं. पण तो अंदाज इतका बरोबर येतो की आपला कान फसतो.

हे चांगल्या रीतीनेही करता येतं. 2024 साली "लाल सलाम" या तमिळ चित्रपटातल्या एका गाण्यासाठी ए. आर. रहमान यांनी बंबा बाक्या आणि शाहुल हमीद या दोन दिवंगत गायकांचे आवाज एआयने पुन्हा उभे केले. दोघांच्या घरच्यांची परवानगी घेतली आणि आवाज वापरल्याचा मोबदला दिला, हे रहमान यांनी जाहीरपणे सांगितलं.

परवानगीशिवाय झालं तर? त्याचं उत्तर मुंबई उच्च न्यायालयाने दिलं आहे. 2024 साली गायक अरिजित सिंग न्यायालयात गेले. त्यांच्या आवाजाची नक्कल करून देणारी साधनं इंटरनेटवर होती. न्यायालयाने त्यांना संरक्षण दिलं. 2025 साली आपल्या आशा भोसले यांनाही याच न्यायालयाने तसंच संरक्षण दिलं. परवानगीशिवाय कुणाचा आवाज एआयने उभा करणं म्हणजे त्या व्यक्तीच्या ओळखीवरच हात टाकणं आहे, असा याचा अर्थ.

वाडीतल्या गाण्याचं काय?

आशाताईंकडे वकील आहेत, आपल्याकडे कोण, असं तुम्ही म्हणाल. म्हणून आपल्याकडची गोष्ट सांगते. आमच्या एका गटातल्या मावशी गौरीची गाणी फार सुरेख म्हणतात. दोन वर्षांपूर्वी बाहेरून आलेल्या एका पोराने त्यांचं गाणं मोबाईलवर घेतलं. पुढच्या गणपतीत तेच गाणं खाली धडधडता ठेका लावून रीलमध्ये आलं. मुंबईहून आलेल्या पुतण्याने ते मावशींना ऐकवलं. मावशी हसल्या, मग गप्प झाल्या आणि म्हणाल्या, "गाणं आमचंच आहे गो, पण मी कुठाय त्याच्यात?" रीलवर दुसऱ्याच कुणाचं नाव होतं.

कायदा इथे काय म्हणतो ते नीट ऐका. पारंपरिक गाण्याचे शब्द कुणा एकाच्या मालकीचे नसतात, ते सगळ्यांचे. पण तुम्ही ते गाता तेव्हा ते गाणं सादर करणारी कलाकार तुम्ही असता. 1994 साली आपल्या कॉपीराइट कायद्यात सादर करणाऱ्या कलाकाराचा हक्क आला. 2012 च्या दुरुस्तीने त्यात आणखी भर पडली. आपण सादर केलेल्या कलेला आपलं नाव लागावं आणि आपली बदनामी होईल अशी मोडतोड तिच्यात होऊ नये, हे दोन्ही हक्क कलाकाराला मिळाले. कलाकार म्हणजे फक्त मुंबईची कलाकार असं कायदा म्हणत नाही. जाखडीत गाणारा शाहीर, शिमग्यात वाजवणारा वादक, गौरीपुढे फेर धरणारी बाई, सगळे त्यात येतात.

आणि आवाजाला आज मोलही आहे. यंत्रांना मराठी शिकवायची तर मराठी बोलणारे आवाज लागतात. बंगळुरूची "कार्या" ही संस्था गावातल्या लोकांकडून त्यांच्या भाषेतली वाक्यं बोलून घेते आणि त्याचे पैसे देते. म्हणजे जो आवाज आपण फुकट समजतो, त्याला मजुरी आहे. तेव्हा "जरा दोन ओळी म्हणा ना मावशी" असं म्हणत कुणी मोबाईल पुढे केला, तर हौसेने जरूर म्हणा, पण विचारून घ्या.

काय विचारायचं? हे कुठे लावणार? माझं आणि गावाचं नाव देणार का? यातून पैसे मिळाले तर आम्हाला काय? गाणं गटाचं असेल तर बैठकीत ठराव घ्या, वहीत लिहा, आणि घेणाऱ्याची सही घ्या. आपण शंभर रुपयांच्या बचतीलाही सही घेतो, मग गाण्याला का नको?

आता गौहर जानची पद्धत आठवा. गाणं संपलं की लगेच, त्याच दमात आपलं नाव, वाडी आणि तालुका मोठ्याने सांगायचा. "मी अमुक, राहणार अमुक वाडी, तालुका पोलादपूर." कुणी ते कापून टाकलं तर तो त्याचा अपराध, पण मूळ मुद्रण आपल्या नातवाच्या मोबाईलमध्येही ठेवायचं, म्हणजे पुरावा आपल्याकडे राहतो.

फोनवरचा ओळखीचा आवाज

आता दुसरा प्रश्न, पैसे मागणाऱ्या आवाजाचा. होय, असं होऊ शकतं. आपल्याकडे घराघरातून कुणीतरी मुंबईला, सुरतेला, आखातात आहे. रात्री फोन येतो, आवाज मुलाचा, रडवेला. अपघात झालाय, पोलिसांनी धरलंय, लगेच पैसे पाठव. आईचं काळीज तिथेच विरघळतं, आणि फसवणाऱ्याला तेच हवं असतं.

चित्रातही हेच होतं. 2024 च्या जानेवारीत सचिन तेंडुलकर यांचा एक व्हिडिओ फिरला. त्यात ते एका मोबाईल खेळाची जाहिरात करताना दिसत होते. तो खोटा असल्याचं त्यांनी स्वतः जाहीर केलं. ज्याचा चेहरा आणि आवाज अख्खा देश ओळखतो, त्याचीही नक्कल झाली. 2021 च्या महापुरातून गेलेल्या आपल्या महाडला हे वेगळं सांगायला नको. उद्या पुन्हा पाणी चढत असताना "धरण फुटलं" असा कुणा अधिकाऱ्याच्या आवाजातला खोटा निरोप फिरला तर काय होईल? म्हणून पावसाळ्यात तहसील कार्यालय आणि ग्रामपंचायतीकडून खात्री केल्याशिवाय असा निरोप पुढे पाठवू नका.

घरासाठी चार गोष्टी सांगते.

एक, घरात एक खुणेचा शब्द ठरवा. फक्त घरच्यांना माहीत असलेला. आजीच्या गाईचं नाव चालेल. अडचणीचा फोन आला की तो शब्द विचारायचा.

दोन, फोन ठेवा आणि आपल्याकडे असलेल्या मुलाच्या नंबरवर स्वतः फोन लावा. तो लागला नाही तर त्याच्या खोलीतल्या मित्राला लावा. घाई करायला लावणारा फोन म्हणजे शंका घ्यायचा फोन.

तीन, पैसे गेलेच तर लाजून गप्प बसू नका. लगेच 1930 या नंबरवर फोन करा. सायबर फसवणुकीसाठीचा हा सरकारी नंबर आहे. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे पुढे जाण्याआधी थांबवता येण्याची शक्यता जास्त.

चार, आपल्या मुलीचा चेहरा लावून कुणी वाईट चित्र किंवा व्हिडिओ तयार केला, तर मुलीचा मोबाईल काढून घेऊ नका, तिच्यावर ओरडू नका. गुन्हा करणाऱ्याने केलाय, तिने नाही. त्याचा स्क्रीनशॉट जपून ठेवा आणि तिला घेऊन पोलीस ठाण्यात जा. एकटं जायचं धाडस होत नसेल तर गटातल्या दोघी-तिघी सोबत जा. गट कशासाठी असतो?

मैत्रिणींनो, या यंत्रांना घाबरून मोबाईल फडताळात ठेवायचं कारण नाही. याच यंत्रामुळे ओव्या वाचल्या, याच यंत्रामुळे आज माझा आवाज तुमच्या चुलीपाशी आला. फक्त आपला आवाज ही आपली ठेव आहे, हे मनात पक्कं ठेवा. ठेव कुठे ठेवली, कुणाला दिली, किती परत आली, याचा हिशेब आपल्याला चांगला जमतो.

येत्या बैठकीत हप्ते झाले की दहा मिनिटं काढा. गटातल्या सगळ्यात वयस्कर बाईला तिचं आवडतं गाणं म्हणायला सांगा, मोबाईलवर घ्या, आणि शेवटी तिला तिचं नाव सांगू द्या. सासरचं, माहेरचं, तिला हवं ते. मुद्रण गटाकडे जपून ठेवा आणि वहीत तशी नोंद करा.